गिअरबॉक्समागचा नट

“चंद्रे, पाना!”

गाडीखालून फक्त एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत काळा, मनगटावर सोलवटलेला. मी त्या हातावर पाना ठेवला. हात आत गेला, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, मग एक शिवी आली आणि पाठोपाठ पाना सणसणत बाहेर येऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळला.

“ह्यो न्हाई! वाकडा पाना! कितीदा सांगायचं?”

सकाळपासून हेच चाललं होतं. वाकडा पाना दिला की ह्यांना सरळ हवा असायचा आणि सरळ दिला की वाकडा. कोंबड्यांनी कंटाळून अंगण केव्हाच सोडलं होतं. मला तेही करता येत नव्हतं.

आदल्या वर्षी आम्ही पहिल्यांदा स्वतःची गाडी घेतली होती. जुनीच, दुसऱ्याने वापरून वापरून सोडलेली, पण आमची. त्याआधी आमचे हे, म्हणजे मच्छिंद्र, दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर होते. वैशाखाचे दिवस. आमच्या जुन्नरकडच्या वाडीतून त्या दिवसांत टोमॅटो सुरतेला जायचा, आणि ह्यांनी वाडीतला सगळ्यात मोठा माल धरला होता, भागुजीदादा औटींचा. आदल्या संध्याकाळी क्रेट भरून झाले, ताडपत्री बांधली, पहाटे निघायचं ठरलं. पहाटे इंजिन चालू झालं, पण गाडी काही हलेना.

ह्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन चालू केलं की टाकीत हवा भरते, हवा भरली की चाकं मोकळी होतात. हवा नसेल तर चाकं आवळून धरलेली असतात, मग पुढे ट्रॅक्टर लावा नाहीतर हत्ती लावा, गाडी जागची हलायची नाही. आमच्या गाडीत हवा भरत होती तेवढीच कुठूनतरी निघून जात होती. कान दिला की सूंऽऽ असा बारीक आवाज यायचा.

फाट्यावरचा फिटर भाच्याच्या लग्नाला गेला होता. दुसरा एक होता, तो म्हणाला, गाडी इकडे घेऊन या. गाडी हलत नाही म्हणूनच तर तुला बोलावतोय, हे त्याला समजावण्यात ह्यांचा अर्धा तास गेला. तो म्हणाला, मग संध्याकाळी बघू. हे तसेच सायकल मारत परत आले, येताना फाट्यावरच्या दुकानातून दोन पितळी रिंगा घेऊन. अंगठीएवढ्या. हवेच्या नळीच्या जोडात बसते ती रिंग झिजली होती आणि तिथूनच हवा जात होती. नट खोलायचा, जुनी रिंग काढायची, नवी घालायची, नट आवळायचा. सांगायला एवढंच.

पण तो नट होता गिअरबॉक्सच्या मागे, वरच्या अंगाला. एका बाजूला गाडीची लोखंडी तुळई, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स, वर केबिनचा पत्रा, बाहेरच्या अंगाने डिझेलची टाकी. मधल्या फटीत डोकं घालून बघावं तर हात घालायला जागा नाही, आणि हात घातला की काही दिसत नाही. आधी रांजण घरात ठेवायचा आणि मग त्याच्यापुढे भिंत बांधायची, असं कुणी केलं तर त्याला आपण काय म्हणू? ज्याने ही गाडी बनवली त्याला हे त्या दिवशी तेच म्हणत होते, आणि आणखीही बरंच.

“किती राहिलं रं मच्छिंद्र?” भागुजीदादांनी विचारलं.

ते सकाळी चहाच्या वेळेला आले ते पाण्याच्या हौदावर बसून होते. माणूस वाईट नव्हता. दर थोड्या वेळाने उठायचे, ताडपत्रीचा कोपरा वर करायचे, वाकून वास घ्यायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

“झालंच, दादा,” गाडीखालून उत्तर आलं.

“झालंच म्हणून तू मगाशीबी म्हनलास.”

ओसरीवर आत्याबाई सूप घेऊन हुलगे पाखडत होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. गाडीकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि ते काही त्या दिवसापुरतं नव्हतं. गाडी दारात आली तेव्हा मी ओवाळलं, नारळ ह्यांनी फोडला; आत्याबाई आत चुलीपाशी बसून राहिल्या. दसऱ्याला सगळी वाडी आपापल्या गाड्यांना, अवजारांना हळदकुंकू वाहते, त्याही दिवशी त्यांनी गाडीला बोट लावलं नाही. माझे सासरे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि घाटात गाडीसकट गेले, एवढं मला लग्नाआधीच सांगितलं होतं. त्यापुढे त्या घरात कुणी काही बोलत नसे. मीही विचारत नसे. त्यांचं दुःख मला कळत होतं, पण खरं सांगायचं तर त्यांच्या पाठीचा मला कंटाळा आला होता. आपला पोरगा जिच्यावर पोट भरतो, तिच्याकडे माणसाने एकदा तरी वळून बघावं की नाही?

आणि त्यांचे नियम. घरात गाय ठेवायची नाही. माझ्या माहेरी गोठा भरलेला. मी लग्नात एक कालवड आणते म्हटलं तर निरोप आला, नको. आणि दुसरा नियम बांगड्यांचा. माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या कधी, कशासाठीही उतरवायच्या नाहीत. भांडी घासताना एखादी पिचली तर “फुटली” म्हणायचं नाही, “वाढवली” म्हणायचं, आणि कासार येईपर्यंत तिच्या जागी पिवळा दोरा बांधायचा. हे आमच्याकडे सगळ्याच बायका करतात, पण आत्याबाईंची नजर सारखी माझ्या मनगटावर असायची. मी विहिरीवरून आले की आधी घागर बघायच्या नाहीत, हात बघायच्या. मला ते पहारा ठेवल्यासारखं वाटायचं.

गाडीखाली काहीतरी टणकन पडलं.

“काय झालं?” मी वाकून विचारलं.

“रिंग पडली.”

“कुठं?”

“ते ठावं असतं तर उचलली नसती का?”

हे सरपटत बाहेर आले. त्यांचा दंड पैलवानाचा, तरुणपणी जत्रेत कुस्त्या मारलेल्या. तो हात फटीत कोपरापर्यंत जायचा आणि तिथे अडकायचा. नट बोटाला लागायचा, पण पाना फिरवायला मनगट वळायचं नाही. तरी रेटून रेटून ह्यांनी नट खोलला होता, जुनी रिंग काढली होती, आणि नवी बसवताना ती निसटून गिअरबॉक्सच्या कुठल्या खोबणीत गेली ते देवाला माहीत. कोपराची कातडी दोन्ही बाजूंनी गेली होती. चाकाला टेकून बसले, मान खाली घातली. असे ते मी पूर्वी बघितले नव्हते. चिडलेले बघितले होते, थकलेले नाही.

“एकच राहिली,” ते म्हणाले. “हीबी पडली तर गेला खेळ.”

भागुजीदादा हौदावरून उठले. ताडपत्री वर केली, वास घेतला, आणि ह्या वेळी परत जाऊन बसले नाहीत.

“मच्छिंद्र, वाईट वाटून घेऊ नगंस. ऊन डोक्यावर यायला आलंय. खालचे क्रेट घामेजल्यात. दुपारपतूर गाडी न्हाई निघाली तर म्या दुसरी गाडी सांगतो. माल पलटी करू.”

“दादा, थोडा वेळ…”

“म्या थांबलो असतो रं. टोमॅटो थांबत न्हाई.”

माल पलटी करायचा म्हणजे आमच्या दारातून, आमच्या गाडीतून क्रेट उतरवून दुसऱ्याच्या गाडीत भरायचे. सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर त्या हंगामात आमच्या गाडीला कुणी माल दिला नसता. पुढच्याही दिला नसता. मच्छिंद्रची गाडी दगा देते, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मग गाडी विकून हे पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं.

“मी बघू का?” मी म्हटलं. “माझा हात बारीक हाय.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. दुसरी कुठली वेळ असती तर हसले असते.

“बघ,” म्हणाले.

मी पदर कमरेला खोचला, पोतं अंथरलं आणि पाठीवर झोपून आत सरकले. गाडीखालचं जग मी पहिल्यांदाच बघत होते. सगळीकडे काळं, चिकट, गरम. नाकासमोर ग्रीसचा लोंबता थेंब. हे दुसऱ्या बाजूने सरकून आले आणि माझ्या डोक्याशी डोकं लावून झोपले. “ह्या इथून,” त्यांनी दाखवलं. मी हात घातला.

हात गेला. खरंच गेला. मनगट गेलं, आणि तिथे खण्ण झालं. बांगड्या तुळईच्या काठाला अडकल्या.

मी हात बाहेर काढला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या, पुन्हा घातला. आता थोडा पुढे गेला, नळी बोटांना लागली, आणि बांगड्या पुन्हा आडव्या आल्या. मी बाहेर येऊन बांगड्यांवर फडकं गुंडाळलं. फडक्याने हात जाड झाला, मग तो मगाशी गेला होता तेवढाही जाईना. फडकं सोडलं. हात तिरका केला, उलटा केला, श्वास रोखला. एक बांगडी कडकन गेली आणि तिची काच माझ्या मनगटात घुसली.

“काय झालं?” ह्यांनी विचारलं.

“वाढवली एक,” मी म्हटलं. एवढ्या रागातही तोंडातून तेच आलं.

पुन्हा घातला. पुन्हा अडकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुखलं म्हणून नव्हे. नट चार बोटांवर होता आणि मध्ये होती काच.

मी सरपटत बाहेर आले आणि उठून बसले. मनगटावरून रक्ताचा बारीक ओघळ.

“आता साबण आणते,” मी म्हटलं, “आन् सगळ्या काढते. काम झालं की घालीन परत.”

“काढायच्या न्हाईत.”

ओसरीवरून आवाज आला. सूप थांबलं होतं, पण पाठ आमच्याकडेच होती.

“आत्याबाई, घटकाभराचं काम हाय.”

“काढायच्या न्हाईत म्हनलं ना.”

“एक ठेवते हातात. दोरा बांधते. हळकुंड बांधते. तुम्ही म्हणाल ते करते.”

“येक ठिवलीस तरी ती आडकायचीच. तुला ठावं हाय.”

ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

“बये,” हे गाडीखालून आईला म्हणाले, “अगं, माल नासतोय. भागुजीदादा समोर उभे हायेत. तुझं काय मधीच?”

“तुला न्हाई इचारलं. तू गाडी घिऊन जाणारा हायेस. तू मधी बोलू नगंस.”

भागुजीदादा हौदातल्या पाण्याकडे बघायला लागले. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं कानावर पडलं की त्या पिढीची माणसं अशीच कुठेतरी बघायची.

माझं डोकं फिरलं. सकाळपासून मी पाने वेचत होते, शिव्या ऐकत होते, चहा करत होते. हात कापून घेतला होता. आणि ह्या बाई भिंतीकडे तोंड करून मला काय करायचं नाही ते सांगत होत्या.

“मग तुम्हीच या आन् घाला हात!” मी ओरडले.

हे गाडीखालून हलले नाहीत. भागुजीदादांनी पाण्यात घातलेली नजर तिथेच ठेवली. आत्याबाईंच्या हातात बांगड्या का नव्हत्या ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. हुलगे सांडू नयेत म्हणून नीट, भिंतीला टेकवून. उठल्या, गुडघ्यावर हात देऊन. पदर कमरेला आवळून बांधला आणि अंगणात उतरल्या. गाडीपाशी येऊन थांबल्या. मला वाटलं, आता माझ्या थोबाडीत बसणार.

“सरक,” त्या म्हणाल्या.

“आत्याबाई…”

“सरक म्हंते ना. जागा दे.”

त्या पोत्यावर बसल्या, मग आडव्या झाल्या, मग इंच इंच करत आत गेल्या. नऊवारी लुगडं, साठीला आलेलं शरीर. मी त्यांच्या शेजारी बॅटरी धरून आत सरकले. बॅटरीचा काही उपयोग नव्हता, पण मला त्यांना एकटं सोडवेना.

“बये, तू बाहेर हो,” हे म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “तुला ह्यातलं काय…”

“कुठं हाय त्ये सांग.”

ह्यांनी सांगितलं. आत्याबाईंनी हात वर केला. काटकुळा हात, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण, तुळशीवृंदावन आणि त्याखाली ठिपक्यांची रांग. त्यावर काहीही नाही. तो हात फटीत गेला तो कुठेच अडकला नाही. मनगट गेलं, गोंदण गेलं, कोपर गेलं, आणि आत्याबाईंचा गाल तुळईला चिकटला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“नळी लागली का?”

“लागली.”

“तिच्या टोकाला जा. डावीकडं. तुझ्या डावीकडं.”

“माझ्या डावीकडं तुझं टाळकं हाय.”

मला त्या परिस्थितीत हसू आलं. ह्यांनाही आलं असावं.

“नट लागला?”

“फिरतोय त्यो?”

“त्योच. आता नळी वाईच मागं वढ. हां. आता मी रिंग देतो. एकच हाय बये, सांभाळून.”

ह्यांनी रिंग आपल्या बाजूने बोटांच्या टोकावर पुढे केली, जेवढा हात जात होता तेवढा. दोघांचेही हात आत, एकमेकांना दिसत नसलेले. मी बॅटरी धरली होती आणि तिच्या उजेडात मला दोघांचे फक्त चेहरे दिसत होते, दोन्ही मिटलेल्या डोळ्यांचे. सारखेच दिसत होते. ते मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

“घेतली?”

“थांब. … घेतली. सोड.”

“सोडू?”

“सोड म्हंते ना.”

आत्याबाईंच्या कपाळावर घाम. तो डोळ्यांत उतरत होता, मी पदराने टिपला. त्यांचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं देवाचं नाव घेतायत. मग ऐकू आलं.

“ये… ये बाय… आशी ये… घाबरू नगं… आता झालं बग… ये…”

अगदी हळू, लाडाने. त्या आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या, पोटच्या पोराशीही बोलताना मी ऐकलं नव्हतं. पण तो सूर मला माहीत होता. माझ्या आईचा गोठ्यातला सूर. गाय व्यायला झाली की ती असंच बोलायची. ह्या घरात तर गाय बांधायची सुद्धा बंदी होती.

“बसली,” आत्याबाई म्हणाल्या.

“नीट बघ. सरळ बसली का?”

“बसली म्हनलं ना. आता त्यो नट फिरवू?”

“हातानं फिरंल तेवढा फिरव. मग पाना.”

हाताने फिरवणं सोपं होतं. पाना कठीण. त्या जागेत पाना नखभर फिरायचा, मग काढायचा, पुन्हा चाचपून लावायचा, पुन्हा नखभर. मी पाना हातात द्यायची, त्या लावायच्या. ह्या वेळी मी दिलेला प्रत्येक पाना बरोबर होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मध्येच त्या थांबायच्या, गाल लोखंडाला टेकून श्वास घ्यायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. “पुरं झालं बये,” हे दोनदा म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी पाना हलेनासा झाला तेव्हा त्यांनी तो सोडला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दंडावर तुळईच्या काठाची लाल रेघ उठली होती आणि सगळा हात काळ्या तेलाने माखला होता. गोंदण दिसत नव्हतं. त्या चाकाला टेकून बसल्या. गाडीच्याच चाकाला. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही.

ह्यांनी केबिनमध्ये चढून इंजिन चालू केलं. भागुजीदादा गाडीच्या बाजूला वाकून कान देऊन उभे. सूं नाही. हवेच्या काट्याकडे बघत हे बसले होते. मला तो काटा दिसत नव्हता, ह्यांचा चेहरा दिसत होता, मला तेवढं पुरे होतं. मग खाली फुस्स करून चाकं मोकळी झाली आणि गाडी वाघाच्या नव्हे, दमलेल्या बैलाच्या चालीने बोटभर पुढे सरकली.

“सुटली!” भागुजीदादा म्हणाले आणि त्यांनी ताडपत्रीची दोरी ओढून घट्ट केली.

ह्यांनी हातपाय धुतले नाहीत, जेवले नाहीत. मी भाकरी फडक्यात बांधून दिली. केबिनमध्ये चढताना त्यांनी वळून आईकडे बघितलं.

“सावकास जा,” आत्याबाई म्हणाल्या.

गाडी निघाली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. आत्याबाई गाडी वाडीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या, उभ्याने. त्यानंतर भागुजीदादा गेले. अंगणात फक्त तेलाचे डाग, फडकी आणि पाने राहिले. कोंबड्या परत आल्या.

मी रॉकेलमध्ये कापडाचा बोळा भिजवला आणि आत्याबाईंचा हात माझ्या मांडीवर घेऊन पुसायला बसले. मग मनात आलं तेच बोलले.

“तुम्ही तिथं गाईसंगं बोलल्यागत बोलत व्हता.”

मला वाटलं, आता हात काढून घेणार.

“तुझा सासरा गेला त्या दिशी आमची गाय आडली व्हती,” त्या म्हणाल्या. “दुपारची येळ. घरात दुसरं कुणी न्हाई, सासू मळ्यात. वासराचा पाय दुमडलेला. हात घालायला गेले तर बांगड्या आडव्या येत्यात. गाय वरडतीय. म्या साबण लावून समद्या काढल्या, उखळावर ठिवल्या आन् हात घातला. निघालं वासरू. कालवड.”

बोळा काळा झाला होता. मी दुसरा घेतला.

“मंग गाईचं करता करता बांगड्या घालायच्या राहिल्या. तिन्हीसांजंला माणूस आला सांगायला. बायका जमल्या. बांगड्या फोडायला म्हणून माझा हात धरला, तर हातात काहीच न्हाई. समद्या उखळावर. समद्यांनी बघितल्या.”

“मग?”

“सासूनं इचारलं, कवा काढल्यास? म्या म्हनलं, दुपारी. गाडी कवा कोसळली, तर दुपारी.”

अंगणात ऊन तापलं होतं. कोंबड्यांपैकी एक सुपातल्या हुलग्यांपाशी गेली होती, आत्याबाईंनी तिला हाकललं नाही.

“मंग काय. मरंपतूर सासूनं मला दुसरं काय इचारलं न्हाई. माझ्या हातचं पानी घेतलं न्हाई. गाय इकली, कालवड इकली.”

मी त्यांच्या कोपरापर्यंत पुसत आले होते. गोंदणाचे ठिपके एकेक करून वर येत होते. मला त्यांची कीव आली, आणि त्याबरोबर एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. एवढी वर्षं ह्या बाईने मनाशी तेच धरून ठेवलंय, म्हणून माझ्यावर हा पहारा.

“आत्याबाई,” मी हळूच म्हटलं, “तुम्हाला खरंच वाटतं का, बांगड्यांमुळं…”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी वाक्य तिथेच सोडलं.

“येडी का काय? घाटात ब्रेक गेला व्हता गाडीचा. बांगड्यांनी ब्रेक जातो व्हय?”

“मग मला का काढू दिल्या न्हाईत?”

त्या वळणाकडे बघत होत्या, जिथे गाडी गेली होती तिथे.

“पोरगा सुरतंला चाललाय. रस्त्यावरचं काय सांगता येतंय? वाईट वंगाळ काय झालं असतं, तर समदं गाव जलमभर तुझ्या हाताकडं बघत बसलं असतं. तुला रातीची झोप लागली नसती.”

त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं, जिथे काच घुसली होती तिथे. रक्त वाळलं होतं.

“आन् गावाचं जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “म्याबी बघितलं असतं.”

मी मान वर केली नाही. कोपराच्या घडीत तेल बसलं होतं, ते काही केल्या निघत नव्हतं. मी बोळा पुन्हा रॉकेलमध्ये बुडवला आणि पुसत राहिले.